संयोजी ऊतींचे आनुवंशिक विकार आणि योनिमार्गाचा लेसर उपचार

योनिमार्गाचा कोरडेपणा, खोकताना लघवी होणे, अंग सैल पडणे या तक्रारींवर लेसर उपचार सुचविला जातो. मात्र ज्या स्त्रियांना संयोजी ऊतींचा आनुवंशिक विकार आहे, त्यांनी हा उपचार घेण्यापूर्वी विशेष सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे.

उपचाराचे तत्त्व

लेसर किरणांच्या उष्णतेने योनीच्या अंतस्त्वचेवर सूक्ष्म जखमा केल्या जातात. त्या भरून येताना शरीर नवे कोलॅजन निर्माण करते आणि ऊती घट्ट होतात, अशी यामागील कल्पना आहे.

अडचण कोठे?

कोलॅजन हे त्वचा, सांधे आणि रक्तवाहिन्यांना बळकटी देणारे प्रथिन होय. एहलर्स-डॅन्लॉस विकाराच्या अनेक प्रकारांत त्याची घडणच सदोष असते. 2017 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या विकाराचे 13 प्रकार मानले आहेत. मार्फान विकारात फायब्रिलिन-1 या प्रथिनाच्या जनुकात दोष असतो. अशा रुग्णांमध्ये अंग बाहेर येण्याचे प्रमाण अधिक असल्याने त्या या उपचाराकडे वळण्याची शक्यताही अधिक असते. परंतु जखम उशिरा भरणे, पातळ व्रण राहणे, सहज रक्तस्राव होणे आणि स्थानिक भूल अपुरी पडणे हे धोके एहलर्स-डॅन्लॉसच्या रुग्णांना संभवतात. रक्तवाहिन्यांशी संबंधित प्रकारात तर अनावश्यक हस्तक्षेप टाळणेच इष्ट मानले जाते.

पुरावा काय सांगतो?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2018 मध्ये अशा उपकरणांच्या वापराविषयी इशारा देताना भाजणे, व्रण आणि दीर्घकाळ वेदना यांचा उल्लेख केला होता. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात, रजोनिवृत्तीनंतरच्या तक्रारींवर 12 महिन्यांनी खरा लेसर आणि दिखाऊ उपचार यांत लक्षणीय फरक आढळला नाही. निरोगी स्त्रियांबाबतच लाभ असा अनिश्चित असताना, सदोष कोलॅजन असलेल्यांनी जोखीम पत्करण्यास आधार उरत नाही.

काय करावे?

सांधे वारंवार निखळणे, अंगावर सहज काळेनिळे डाग पडणे किंवा कुटुंबात कमी वयात महाधमनी फुटून मृत्यू झालेला असणे, ही माहिती डॉक्टरांना आधीच द्यावी. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, आधारासाठी बसविण्याची रिंग, वंगण आणि वैद्यकीय सल्ल्याने स्थानिक इस्ट्रोजेन हे पर्याय प्रथम विचारात घ्यावेत.

भिलाई परिसरातील स्त्रियांना यासाठी सेक्टर 9 येथील पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय किंवा शेजारच्या रायपूर येथील एम्सच्या स्त्रीरोग विभागात सल्ला घेता येईल.