मारिएनथालची चाल

फौजेत असताना तुकडीचं मनोबल मी तिच्या चालीवरून ओळखायचो. १९३१च्या हिवाळ्यात ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावात मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड, हान्स झाइझेल आणि त्यांचे सहकारी आले, त्यांनीही गावाची चाल मोजली.

जागतिक मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडून जवळजवळ सगळं गाव बेकार झालं होतं. बेकारभत्ता तुटपुंजा, तोही मुदतीचा. पुरुषांकडे वेळच वेळ. ते रेंगाळत चालत, पुन्हा पुन्हा थांबत. बहुतेकांनी खिशात घड्याळ ठेवणं सोडलं होतं. बायकांची पावलं मात्र भराभर, चूल आणि धुणं थोडंच सुटतं! ग्रंथालयाची फी माफ झाली, तरी पुस्तकांची देवघेव निम्म्यावर आली. भुकेला माणूस बंड करतो, असं आपण समजतो. इथं राजकारणातला रसही आटला.

संशोधकांनी कुटुंबांचे गट पाडले. ज्यांनी उमेद धरली होती त्यांचं मासिक उत्पन्न माणशी सरासरी ३४ शिलिंग होतं, निराश झालेल्यांचं २५ आणि पार खचलेल्यांचं १९. उमेद धरलेला आणि खचलेला, या दोघांत अंतर अवघ्या १५ शिलिंगांचं होतं.