परक्या तारांचा हिशेब

२०१३ सालच्या पावसाळ्याच्या तोंडी तीन आठवड्यांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये हैदराबादची सत्यम कंपनी पुण्याच्या टेक महिंद्रात विलीन झाली, आणि १५ जुलैपासून भारतातील तार बंद पडली. तारेसाठी लोक हळहळले. शेवटच्या दिवशी मोठ्या शहरांतून तारघरांपुढे रांगा लागल्या. हे साहजिकच होते. दीडशेहून अधिक वर्षे या तारेने लोकांच्या दारी मरण आणि नोकरी आणून दिली होती. तारवाला दाराशी उभा राहिला, की घरातल्या बायका आधी रडायला लागत आणि तार मागाहून वाचली जाई. पहिल्या घटनेचे सोयरसुतक मात्र शेअरबाजाराबाहेर फारसे कोणाला नव्हते. वस्तुतः निरोप पोचवण्याच्या धंद्यात आपल्या डोळ्यांदेखत जे स्थित्यंतर झाले, त्याचा बराचसा इतिहास त्या घटनेच्या पोटात आहे.

त्याचा आरंभ लंडनमध्ये करावा लागतो. इंग्लंडातही टपाल आणि टेलिफोन पूर्वी एकाच छत्राखाली होते. १९८१ साली टेलिफोन वेगळा निघून ब्रिटिश टेलिकॉम झाला. १९८४ साली थॅचरबाईंच्या सरकारने त्याचे निम्म्याहून अधिक भाग लोकांना विकून टाकले. मक्तेदारी होती तोवर गिऱ्हाईक जाणार कुठे, हा प्रश्नच नव्हता. आता मर्क्युरी नावाची दुसरी कंपनी मैदानात आली होती, आणि गिऱ्हाइकाला धरून ठेवायचे तर त्याचे काम वेळेवर आणि त्याचे बिल बिनचूक हवे होते.

टेलिफोन म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खांब, तारा आणि यंत्र उभे राहते. पण त्या तारांच्या मागे दुसरा एक अदृश्य कारखाना चालू असतो. कोणी घरी फोन मागितला, की त्याच्या गल्लीत तार मोकळी आहे काय ते पाहायचे, एक्स्चेंजमधली जागा आणि नंबर त्याच्या नावे लावायचा, जोडणारा माणूस धाडायचा, लागलेला फोन तपासायचा. मग तो बोलू लागला, की दर संभाषणामागे एक नोंद जन्मते: कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ. दिवसाच्या अशा कोट्यवधी नोंदींना रात्रीचा दर निराळा, परगावचा निराळा, सणाची सूट निराळी, असे लावून महिनाअखेर एकेका घरचे बिल काढायचे. हे सारे संगणकाने करायचे तर संगणकाला आज्ञा लिहून द्याव्या लागतात, आणि दर बदलला, की आज्ञाही बदलाव्या लागतात. हे काम कधी संपत नाही. इंग्लंडात त्याला माणसे थोडी आणि महाग. ती स्वस्त आणि पुष्कळ कोठे मिळतील, याचे उत्तर शोधत ब्रिटिश टेलिकॉम मुंबईला आली.

तिला येथे भागीदार मिळाला तो जीपगाड्या करणारा. १९४५ साली जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' या नावाने पेढी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले, आणि १९४८ साली पेढीच्या पाटीवर मोहम्मदाच्या जागी दुसरा महिंद्रा आला. या घराण्याला टेलिफोनचा अनुभव नव्हता. परक्या कंपनीशी भागीदारी करण्याचा अनुभव मात्र जुना होता. जीप मुळात अमेरिकेच्या विलिसची. १९८६ साली 'महिंद्रा ब्रिटिश टेलिकॉम' स्थापन झाली आणि पुढे तिचा मुख्य पसारा पुण्यात, कर्वे रस्त्यालगतच्या शारदा सेंटरात, वाढला.

त्या वेळच्या भारताचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. ऐंशी कोटींकडे झुकलेल्या लोकसंख्येत पन्नास लाखही दूरध्वनी नव्हते. फोनसाठी नाव नोंदवायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. मुंबई-दिल्लीच्या टेलिफोनसाठी महानगर निगम आणि परदेशच्या संदेशांसाठी विदेश संचार निगम ही त्याच १९८६ सालची. ज्या देशात लावायला फोन नव्हता, त्या देशातली मुले परदेशातल्या लाखो फोनांचे हिशेब लिहायला बसली! आमच्या भागात पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ पोचला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी, आणि तेथेही रात्री दर उतरण्याची वाट पाहत माणसे बाकावर बसून राहत. हा रात्रीचा दर कोणीतरी कोठेतरी यंत्राला शिकवलेला असतो, हे तेव्हा आम्हांला कोठे ठाऊक होते?

सुरुवातीला या धंद्याची रीत अशी, की माणसेच विमानाने परदेशी जात आणि तेथे बसून काम करीत. पुढे उपग्रहाचे दुवे आले. १९९० नंतर सरकारने सॉफ्टवेअर निर्यातीसाठी खास उद्याने काढली. पहिल्या तिनांत पुणे होते. आता माणूस पुण्यात आणि यंत्र इंग्लंडात अशी सोय झाली. घड्याळातले साडेपाच तासांचे अंतरही, जे आधी अडचण वाटत होते, ते सोयीचे ठरले: इंग्लंड जागे होण्याआधी पुण्यात अर्धा दिवस काम होऊन जाई. सन २००० च्या दोन शून्यांनी जगाला घाबरवले, तेव्हा तर या देशातल्या सगळ्याच संगणक कंपन्यांकडे कामांची रीघ लागली. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यात शिरत नाही.

मला कुतूहल आहे ते एका निराळ्या गोष्टीचे. आमच्याकडे गुढीपाडव्याला सालगडी ठरतो. वर्षाचा करार, धन्याचे घर एकच, कामाला घड्याळ नाही. या कंपनीची पहिली वीस वर्षे थेट त्या चालीची होती. इतर कंपन्यांची दहा-वीस गिऱ्हाइके. हिचे उत्पन्न मुख्यतः एका धन्याकडून. फरक एवढाच, की येथे धनी स्वतःच घरात भागीदारही होता. अशा गड्याला उपासमारीचे भय नसते आणि स्वतःचे शेतही होत नाही. पण एक गोष्ट त्याला मिळते, जी दहा घरी राबणाऱ्याला मिळत नाही: त्या एका वाड्याचा कोनाकोपरा त्याला पाठ होतो. टेलिफोनच्या धंद्याच्या आतल्या खोल्या पुण्याच्या माणसांना इतक्या ठाऊक झाल्या, की पुढे जगात जेथे जेथे नव्या टेलिफोन कंपन्या निघाल्या तेथे त्यांना मागणी आली. १९९५ साली भारतात मोबाइल आला, तेव्हा हे ज्ञान घरच्याही कामी येण्याची वेळ आली.

२००६ साली नावातून 'ब्रिटिश' गेले आणि 'टेक महिंद्रा' हे नाव आले. त्याच ऑगस्टात भाग बाजारात आले आणि लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. विनीत नय्यर तेव्हा कर्ते होते. वर्षअखेरीस जुन्या धन्याने पाच वर्षांसाठी एक अब्ज डॉलरचा करार केला. भाग्य उजळले असे वाटले, पण धन्याची परिस्थिती पालटली. २००८-०९ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमच्या जागतिक सेवा विभागाला मोठी खोट आली आणि तेथून येणारे काम आटू लागले. एका घरावर विसंबणे म्हणजे काय, ते आता कळले.

नेमक्या त्याच वेळी हैदराबादेत सत्यम कोसळली. ती १९८७ ची, म्हणजे हिच्याहून एक वर्षाने धाकटी, पण माणसांनी दुपटीहून मोठी. ७ जानेवारी २००९ रोजी संस्थापक रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले, की वर्षानुवर्षे वह्यांत दाखवलेला नफा आणि बँकेतली शिल्लक खोटी आहे. सुमारे पाच हजार कोटींची रोकड अस्तित्वातच नव्हती. संस्थापकाने वडिलांच्या नावावरून कंपनीला 'सत्यम' म्हटले होते. नियतीच्या या थट्टेवर भाष्य करण्याचे कारण नाही. पन्नास हजार माणसांचा पगार पुढल्या महिन्यात होणार की नाही, हा खरा प्रश्न होता. सरकारने जुने संचालक मंडळ काढून किरण कर्णिक, दीपक पारेख प्रभृतींना नेमले, आणि एप्रिलमध्ये लिलाव झाला. लार्सन अँड टुब्रोने भागाला ४५ रुपये ९० पैसे देऊ केले. टेक महिंद्राने ५८ रुपये बोलून बाजी मारली. वह्या खोट्या, मग घरात काय आहे ते न पाहताच बोली लावायची! यात धाडस होते तसेच अगतिकताही होती, असे माझे मत आहे. कारण सत्यमकडे तेच होते जे हिच्याकडे नव्हते: बँका, कारखाने, विमा कंपन्या, अशी शेकडो घरे.

आम्हां मराठवाड्याच्या लोकांना या सौद्यात आणखी एक ओळखीची रेघ दिसते. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या वारस राज्यात होतो. आमच्या आजोबांच्या पिढीला कोर्टकज्जा, वरचे शिक्षण, नोकरी, सारे हैदराबादला. पुणे ही आमच्या पिढीची वाट. या दोन शहरांतल्या दोन कंपन्या एकाच पाटीखाली आल्या, तेव्हा हिंगोलीकडच्या मुलाला नोकरीसाठी आजोबांच्या वाटेनेही जाता येऊ लागले.

डिसेंबर २०१२ मध्ये ब्रिटिश टेलिकॉमने उरलेले भाग विकले आणि सव्वीस वर्षांची भागीदारी संपली. सहाच महिन्यांनी विलीनीकरण पूर्ण होऊन सत्यमचे नावही गेले. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजूंना सात वर्षांची शिक्षा सुनावली. आज कंपनीत दीड लाखाच्या आसपास माणसे काम करतात. तरीही बिलावर छापलेले नाव दुसऱ्याचेच असते. स्वतःच्या नावावर सांगण्याजोगे जे थोडके आहे, त्यात २०२४ साली बाहेर आलेला 'इंडस' हा भाषेचा प्रकल्प धरावा लागेल. त्याची सुरुवात हिंदी आणि तिच्या बोलींपासून झाली.

माझा एक विद्यार्थी पुण्यात अशाच एका कंपनीत रात्रपाळीला असतो. दिवाळीला गावी आला, की आई त्याला हटकून विचारते, "बाबा, तू तिथं नेमकं करतोस तरी काय?" गेल्या वर्षी तो ओट्यावर बसून तिला सांगत होता. इंग्लंडात एक गाव आहे. तिथे पाऊस फार. पाऊस झाला, की एका गल्लीतले फोन बिघडतात. ती गल्ली, तिचे खांब, घरांचे नंबर त्याला पाठ होते. गाव त्याने पाहिलेले नाही. आईने ऐकून घेतले आणि विचारले, "मग दुरुस्त करायला जातं कोण?" तो म्हणाला, "तिथलाच एक माणूस जातो. मी त्याला कुठं खणायचं ते सांगतो."