पलंगाखाली लपलेली मुलगी

खेळाडूची गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा चषकापासून सुरुवात करतो. आज मी एका पलंगाखालून सुरुवात करणार आहे.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात बॅरेलन नावाचं गव्हाच्या शेतीचं छोटं गाव आहे. तिथे केनी गूलागाँग मेंढरं कातरण्याचं काम करायचे. पत्नी लिंडा आणि आठ मुलं असा संसार. हे कुटुंब विराजुरी या तिथल्या मूळ आदिवासी समाजातलं. रस्त्यावर एखादी चकचकीत मोटार दिसली, की लिंडा मुलांना सांगायची, लपा! मग तिसऱ्या नंबरची इव्होन पलंगाखाली शिरायची.

भीती खरी होती. त्या काळी तिथलं सरकार आदिवासी मुलांना ‘कल्याणा’च्या नावाखाली आईबापांपासून तोडून संस्थांत किंवा गोऱ्या कुटुंबांत ठेवत असे. हे कित्येक दशकं चाललं. देशाच्या पंतप्रधानांनी संसदेत त्याबद्दल माफी मागितली, ती थेट २००८ साली.

इव्होनचा जन्म १९५१ चा. फळांच्या खोक्याची फळी हीच तिची पहिली रॅकेट. गावातल्या टेनिस कोर्टाच्या कुंपणाबाहेर उभी राहून ती खेळ बघायची. क्लबच्या बिल कर्ट्झमन यांनी तिला पाहिलं आणि आत येऊन खेळ म्हणाले. पुढे सिडनीचे प्रशिक्षक व्हिक एडवर्ड्स यांनी तिचा खेळ हेरला. शिकायचं तर सिडनीला, त्यांच्या घरी राहायला हवं. गावकऱ्यांनी कपड्यालत्त्यासाठी वर्गणी काढली.

आता लिंडाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जी मुलगी गोऱ्या साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून पलंगाखाली दडवली, तीच आता एका गोऱ्या माणसाच्या घरी पाठवायची! आणि एडवर्ड्स पुढे तिचे कायदेशीर पालकही झाले. फरक एवढाच, की या वेळी आईला विचारलं होतं. मला वाटतं, हा फरक लहान नाही.

पुढचं इतिहासाला ठाऊक आहे. १९७१ साली, विशीच्या उंबरठ्यावर, इव्होनने फ्रेंच स्पर्धा जिंकली आणि लगेच विम्बल्डनही. अंतिम सामन्यात तिने आपल्याच देशाच्या मार्गारेट कोर्टला ६-४, ६-१ असं हरवलं. १९७४ ते १९७७ या काळात ऑस्ट्रेलियन स्पर्धा तिने चार वेळा जिंकली. पण हारही भरपूर पदरी आली. १९७३ ते १९७६ अशी सलग चार वर्षं ती अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हरली. विम्बल्डनचेही तीन अंतिम सामने हातचे गेले.

१९७५ साली तिने रॉजर कॉली यांच्याशी लग्न केलं. १९७७ मध्ये मुलगी झाली, केली. बाळंतपणानंतर बाईचा खेळ संपला, असंच तेव्हा लोक धरून चालत. इव्होन त्याच वर्षाच्या शेवटी पुन्हा जिंकली. आणि १९८० साली तिने ख्रिस एव्हर्ट लॉइडला ६-१, ७-६ असं हरवून दुसऱ्यांदा विम्बल्डन घेतलं. पहिल्या विजयानंतर नऊ वर्षांनी! त्याआधी एखाद्या आईने विम्बल्डनचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं होतं १९१४ साली.

आणखी एक गंमत ऐका. १९७६ मध्ये दोन आठवडे ती जगात पहिल्या क्रमांकावर होती, पण त्या दिवसांतले आकडे गहाळ राहिल्याने हे कुणाला कळलंच नाही. महिला टेनिस संघटनेने ते मान्य केलं २००७ मध्ये, म्हणजे एकतीस वर्षांनी. बाईच्या कामाची नोंद राहून जाणं आपल्याला काही नवीन नाही. पण तपासलं तर ती सापडते, हेही खरं.

लहान वयात घर सोडल्याची किंमत इव्होनने मोजली. आपली माणसं, आपल्या चालीरीती दूर राहिल्या. खेळ सोडल्यावर बरीच वर्षं ती अमेरिकेत राहिली. आई गेल्यानंतर मात्र ती कुटुंबासह ऑस्ट्रेलियात परतली आणि आपल्या समाजाचा इतिहास नव्याने शिकू लागली. १९९३ साली तिचं आत्मचरित्र आलं. त्याचं नाव ‘होम!’, म्हणजे घर.

आता ती आदिवासी मुलामुलींसाठी टेनिसची शिबिरं चालवते. तिथे टेनिसबरोबर मुलांची शाळा सुटू नये, यावरही भर असतो. बॅरेलनमध्ये तिच्या जुन्या लाकडी रॅकेटची तब्बल १३.८ मीटर लांबीची प्रतिकृती उभी आहे. ज्या गावात ती मोटार दिसताच लपायची, त्याच गावात आज मोटारी थांबवून लोक ती रॅकेट बघतात.

मैत्रिणींनो, आपल्याही गावात कुंपणाबाहेर उभी राहून बघणारी एखादी मुलगी असेलच. तिला आत बोलवायला क्लबचा अध्यक्ष असावं लागत नाही. मात्र बोलावताना तिच्या आईलाही विचारा. बरं, पुन्हा भेटू. नमस्कार.