पाळी सुटल्यावर

कुंभवली म्हटलं की बोईसरच्या माणसाला आधी एमआयडीसी आठवते, गाव नंतर. तारापूर औद्योगिक वसाहतीला खेटून असलेलं पालघर जिल्ह्यातलं हे गाव. इथून सायकल काढली की पश्चिमेला नवापूर, नांदगाव, मुरबे अशी किनाऱ्यावरची गावं फारशी दूर नाहीत. पूर्वेला रूळ ओलांडून चिल्हारच्या रस्त्याला लागलं की डोंगर समोर उभे राहतात. समुद्र, खाडी आणि डोंगर इतके हाताशी असताना सर्फिंग, कयाकिंग आणि माउंटन बायकिंग हे तिन्ही छंद इथे फोफावायला हवे होते. रुजली ती फक्त सायकल. असं का झालं ते पाहायचं तर या पट्ट्यात मोकळा वेळ कुणाला, कधी आणि कुणाच्या मर्जीने मिळत आला, तिथून सुरुवात करावी लागते.

कारखान्यांच्या आधी इथली सुटी समुद्र ठरवायचा. मांगेला, वैती, कोळी या दर्यावर्दी समाजांचं वर्ष ज्येष्ठात थांबायचं आणि नारळी पौर्णिमेला पुन्हा सुरू व्हायचं. मधल्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असत. आज त्याला कायद्याचं नाव आहे: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद. पण पावसाळ्याच्या मोठ्या सुटीखेरीज दर पंधरवड्याला एक लहान सुटीही असे. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला प्रवाह जोरात असतो, तेव्हा जाळ्याचं तोंड फाकून बोंबील, जवळा आत भरतो. अष्टमीच्या सुमारास भांग लागला की ओढ मंदावते आणि जाळं रिकामं लोंबतं. मग त्या दिवसांत जाळी तुणायची, दोर वळायचे, घरची आणि नात्यागोत्याची कामं उरकायची. मोकळा वेळ होता, पण तो कामाच्याच भोवती फिरणारा. अशा माणसाला पाण्यावर मौज म्हणून वल्हं मारायला सांगितलं असतं, तर त्याने सांगणाऱ्याकडे जरा निरखून पाहिलं असतं.

वल्ह्याचं कसब मात्र या किनाऱ्याला पिढीजात. सातपाटीचा मचवा हा पश्चिम किनाऱ्यावरच्या नावाजलेल्या बोटींपैकी एक. रुंद पोटाचा, सागवानी, शिडावर चालणारा. मोठ्या मचव्यावरून किनाऱ्यावर माल आणायला लहान होडकं लागे आणि ते वल्ह्यावरच चाले. सातपाटी आणि मुरबे यांच्यामध्ये खाडी आहे. समोरच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसायचं, पण रस्त्याने जायचं तर लांबचा वळसा. त्यामुळे तरीतून पलीकडे जाणं हा इथला नेहमीचा प्रवास होता. पन्नाशीच्या दशकात मचव्यांवर इंजिनं चढू लागली, तशी शीड आणि वल्हं दोन्ही मागे पडली. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट शिकाऱ्यांची सीलच्या कातड्याने मढवलेली होडी. ती १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये खेळ म्हणून उतरली. इनुइटांच्या कामाच्या होडीचा जगाने खेळ केला, आणि इथल्या कामाच्या होडक्याला फक्त मोटर मिळाली.

लाटांची गोष्ट वेगळी आहे. तिथे दोष माणसांकडे जात नाही. सर्फिंगला लागते दुरून आलेली, एका लयीत उठणारी आणि किनाऱ्याजवळ एका बाजूने फुटत जाणारी लाट. मुंबईच्या उत्तरेला समुद्राचा तळ फार हळू खोल होत जातो. केरळसमोर उथळ पाण्याचा पट्टा साठेक किलोमीटरचा, तर इथे तो तीनशे किलोमीटरच्या घरात. एवढं अंतर उथळ तळाला घासत आलेली लाट किनाऱ्याला पोचेपर्यंत दम सोडते. त्यात भरती-ओहोटीतला फरक खंबातच्या आखाताकडे वाढत जातो. आखाताच्या आत तो दहा मीटरच्याही वर जातो, आणि पालघरच्या किनाऱ्यावर उधाणाला पाच मीटरच्या आसपास. ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की जिथे सकाळी होडी तरंगत होती तिथे दुपारी चिखल, काळे खडक आणि चिंबोऱ्या शोधणारी पोरं. पावसाळ्यात लाटा येतात, पण त्या गढूळ, वाऱ्याने पिंजलेल्या आणि जीव घेणाऱ्या. भारतात सर्फिंगचं बस्तान बसलं ते दक्षिणेला: कर्नाटकात मुल्कीला २००४ साली मंत्र सर्फ क्लब निघाला, २०११ साली राष्ट्रीय संघटना झाली. महाराष्ट्रात सरकारने जलक्रीडेसाठी जागा निवडली तीही तळकोकणात, तारकर्लीला. तिथली स्कूबा डायव्हिंगची संस्था २०१५ची. बोईसरच्या ज्या पोराला फळीवर उभं राहायचंच आहे, त्याने सरळ गोव्याची गाडी पकडावी.

घड्याळाची सुटी इथे उशिरा आली. मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० पासून रविवार मिळाला. त्या वेळी बोईसर हे मुंबई-सुरत मार्गावरचं एक स्टेशन होतं, एवढंच. ही रेल्वे १८६४ मध्ये मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली होती. शेतकरी, वाडीवाला, वारली, मांगेला यांपैकी कुणालाच रविवारचं अप्रूप नव्हतं. ते आलं अणुऊर्जा केंद्राबरोबर. अणुभट्टी थंड करायला समुद्राचं पाणी मुबलक, कोळशाच्या खाणी दूर, महाराष्ट्र आणि गुजरात दोघांनाही वीज देता येईल अशी जागा, या हिशेबाने तारापूर ठरलं. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकशी १९६४ साली करार झाला आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये केंद्रातून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली: औषधं, रंग, रसायनं, कापड, पोलाद. देशभरातून माणसं आली, आणि पहिली, दुसरी, तिसरी पाळी हे शब्द आजूबाजूच्या गावांत रोजचे झाले.

या पाळ्यांना वेळेवर पोचवलं ते सायकलने. काळी, दांडीची, मागे रुंद कॅरियर आणि त्यावर स्प्रिंगचा चिमटा. हँडलला डब्याची पिशवी, पुढच्या चाकाला घासणारा डायनॅमो. रात्रपाळीला निघालेल्या माणसाने डायनॅमो लावला की पायडल जड व्हायचं. चढावर तो बंद करून अंधारातच दामटायची. पावसाळ्यात सीटवर प्लास्टिकची पिशवी. पंक्चर काढायला पाण्याने भरलेलं घमेलं आणि त्यात बुडवलेली ट्यूब, बुडबुडे कुठून येतात ते पाहणारे दोघे-तिघे रिकामटेकडे. मैल दोन मैल चालत डांबरी रस्त्याला लागणाऱ्या पाड्यावरच्या कामगाराला सायकल घेणं म्हणजे रोजचा तास-दीड तास परत मिळवणं होतं. इथल्या फुरसतीचा खरा इतिहास लिहायचा तर त्यात त्या तास-दीड तासाला जागा द्यावी लागेल. छंदाच्या कुठल्याही नोंदीत तो सापडत नाही.

मौजेखातर सायकल चालवण्याची परंपरा मात्र याच मुंबई प्रांतात जुनी. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले. त्यांतल्या आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी १९२८ मध्ये फेरी पुरी केली. १९४५ पासून मुंबई-पुणे शर्यत सुरू झाली आणि बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणू लागले. कच्च्या रस्त्याची, जाड टायरची सायकल जन्मली ती सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात, जुन्या दणकट सायकली डोंगरावरून खाली पिटाळणाऱ्या टोळक्यात; १९९६ साली अटलांटात ती ऑलिंपिकला पोचली. आपल्याकडे तिचं देशी रूप ‘रेंजर’ म्हणून गल्लोगल्ली दिसू लागलं. गिअर नाही, वजन भरपूर, पण सरळ हँडल आणि जाड टायर. दहावीला बरे मार्क पडले की बाप रेंजर घेऊन द्यायचा, आणि मुलगा मडगार्ड काढून ठेवायचा.

कामगाराचा मुलगा रेंजरवरून गिअरच्या सायकलवर आला, तोवर पाण्याचा प्रश्न चिघळलेला होता. वसाहतीतलं सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात सोडलं जातं. नाले, खाड्या आणि किनाऱ्यावर त्याचे परिणाम दिसू लागल्यावर अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सगळ्यात वर होतं. अशा परीक्षेत पहिला नंबर कुणालाच नको असतो. लवादाने नेमलेल्या समितीने १६० कोटींची भरपाई सुचवली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाचा निकाल आला. कोर्टकचेरीचे पुढचे फेरे चालू राहिले. या खाडीत कयाक घालायची तर आधी त्या पाण्याचा वास सोसायला हवा. ज्या कारखान्यांनी आठवड्याची हक्काची सुटी दिली, त्यांच्याच सांडपाण्याने ती सुटी घालवायची एक जागा बिघडवली. नोकऱ्या त्यांनीच दिल्या हे खरं. पण मासळी गेली त्याची भरपाई नोकरीने होते हे सांगायला मांगेल्याच्या दारात जाऊन पाहावं.

जमिनीचंही तसंच. अणुऊर्जा केंद्राच्या ५४० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांचे किनारे आता बंदोबस्तात आहेत. दुसरीकडे वीजप्रकल्पामुळे खेळही उभा राहिला आहे: रायगडात कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग जोरात चालतं, ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर. ते पाणी मुळशी धरणाचं, आणि ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तेच हे धरण. तराफ्यात बसणाऱ्यांपैकी कितींना हे ठाऊक असतं कुणास ठाऊक. तारापूरला निदान तेवढीही सोय नाही. वीज इथली, पाणी इथलं, पण खेळ दुसरीकडे.

म्हणून सुटीच्या दिवशी इथली चाकं आत, पूर्वेकडे वळतात. वाघोबा खिंडीचा चढ, काळदुर्गाचा पायथा, चिल्हारमार्गे मनोरकडचे रस्ते, पावसाळ्यानंतर सूर्या नदीकाठच्या वाटा. १६ एप्रिल २०१३ ला लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, आणि मुंबईकरांनाही केळवे, शिरगाव, चिंचणी एका दिवसात होऊ लागलं. किनाऱ्याने जायचं झालं तर तारापूरचा किल्ला वाटेत लागतो. जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला, आणि त्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. दम खायला तटाच्या सावलीत थांबणाऱ्या सायकलस्वाराला हे सांगणारा फलक असो वा नसो, सावली चांगली आहे.

कयाक या पाण्यातून गेलीच नाही असं नाही. मुंबईच्या कौस्तुभ खाडेने २०१५-१६ मध्ये द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटरचा पश्चिम किनारा कयाकने पार केला, आणि शांजली शाही काठाकाठाने सायकलवर त्याला सोबत करत होती. त्या मार्गात पालघरचा किनारा ओघाने आलाच. आता याच किनाऱ्यावर डहाणूजवळ वाढवण बंदर होऊ घातलं आहे. केंद्राने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ऑगस्टमध्ये पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. मुरब्यालाही बंदराचा प्रस्ताव आहे. तोवर कुणाला इथे वल्हं मारायचंच असेल, तर त्याने आधी गावातल्या एखाद्या होडी हाकणाऱ्या तांडेलाला गाठावं. डोल जाळी बांधायला समुद्रात रोवलेल्या कवी कुठे आहेत, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. या कवींच्या हद्दीवरून पालघर-डहाणूचे आणि वसई-उत्तनचे मच्छीमार वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. त्या भांडणात हौशी वल्हेकऱ्याची बाजू घ्यायला कुणीही येणार नाही, आणि कवीच्या दोरात होडी अडकली तर सोडवायला बोलवावं लागेल तेही त्या तांडेलालाच.