माप माणसाचं की माशाचं?

जीवशास्त्र कसं शिकवावं यावरही संशोधन होतं म्हटलं की "त्यात काय संशोधायचं?" हा आमच्या घरचा ठरलेला प्रश्न. म्हणून ही एक गोष्ट लिहून ठेवतेय.

१९५७ मध्ये स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेला धडकी भरली. तिथे १९५८ पासून शाळेची जीवशास्त्राची पुस्तकं नव्याने लिहायचं मोठं काम सुरू झालं. सगळा भर पुस्तकात काय असावं यावर. पुस्तक उघडण्याआधी मुलाच्या डोक्यात काय असतं, हा प्रश्न ऐरणीवर आला तो ऐंशीच्या दशकात.

१९८५ मध्ये सुसान कॅरीचं पुस्तक आलं. तिने चार वर्षांच्या मुलांना सांगितलं, माणसाच्या शरीरात अमुक एक अवयव असतो (नाव मुद्दाम अनोळखी). इतर प्राण्यांना असेल? मुलं बऱ्याचदा हो म्हणायची. पण कुत्र्याला असतो म्हटलं, तर माणसालाही असेल असं फारसं कुणी म्हणेना. म्हणजे माप माणसाचं. कॅरीचा निष्कर्ष असा की एवढ्या लहान मुलांकडे जीवशास्त्र असं वेगळं नसतंच. माणसांच्या वागण्याची समजच ती प्राण्यांना लावतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास हे बदलतं.

वाचताना पटतं. पण कुठली मुलं? ही अमेरिकेतल्या शहरातली. (आमच्या सोसायटीतल्या पोरांचे प्राणीही दोनच, खिडकीतलं कबुतर आणि लिफ्टपाशी झोपलेला कुत्रा.)

जपानमध्ये कायोको इनागाकीने १९९० मध्ये घरी गोल्डफिश पाळणारी पाच वर्षांची मुलं पाहिली. बेडूक कायम एवढासाच ठेवता येईल का, असं विचारल्यावर ती आपल्या माशावरून उत्तर द्यायची: मासा वाढला, तसा बेडूकही वाढणार. बघा, इथे माप माशाचं!

२००३ मध्ये नॉर्बर्ट रॉस, डग्लस मेडिन वगैरे मंडळींनी तोच खेळ विस्कॉन्सिनमधल्या मेनॉमिनी आदिवासी मुलांशी खेळून पाहिला. रानाशी आणि मासेमारीशी नातं असलेला हा समाज. त्यांच्यात माणूस केंद्रस्थानी नव्हताच. मधमाशीत आहे ते अस्वलातही असेल, कारण अस्वल मध खातं, अशी कारणं ती मुलं देत. कुणाचं कुणाशी नातं आहे, यावरून विचार. याला अडाणीपणा कसं म्हणायचं?

मला सगळ्यात चकित केलं ते २०१० च्या अभ्यासाने. सँड्रा वॅक्समन आणि सहकाऱ्यांना शहरातल्या तीन वर्षांच्या मुलांत माणूसकेंद्री विचार सापडलाच नाही. पाच वर्षांच्यांत सापडला. म्हणजे जन्मजात समजलेली गोष्ट मुलं मधल्या दोन वर्षांत आपल्याकडूनच शिकलेली. संशयाची सुई वळली गोष्टीच्या पुस्तकांकडे. २०१४ मध्ये त्यांनी पाच वर्षांच्या मुलांना आधी अस्वलांचं पुस्तक वाचून दाखवलं: काहींना कपडे घालून माणसांसारखं वागणाऱ्या अस्वलांचं, काहींना खऱ्या अस्वलांच्या माहितीचं. पहिल्या गटाचं माप माणसाचंच राहिलं, दुसऱ्याचं बदललं. तेही एका वाचनात.

भाचीच्या वाढदिवसाला काय पुस्तक न्यावं, हे मात्र अजून ठरत नाहीये.