ताकदीचा व्यायाम : वजन उचलण्याआधी ते खाली ठेवण्याची तयारी

भिलाई (छत्तीसगड) : भिलाई पोलाद कारखान्यात तयार होणाऱ्या रेल्वे रुळाचे वजन मीटरमागे सुमारे ६० किलो भरते. स्ट्राँगमन व्यायामाची आवड निर्माण झालेल्या तरुणाला पहिल्याच दिवशी तेवढे वजन जमिनीवरून उचलून पाहण्याचा मोह होतो, आणि ते अनेकदा उचललेही जाते. प्रश्न उचलण्याचा नसून पुढचा असतो. तोल गेला, पकड सुटली किंवा गुडघे लटपटले, तर ते वजन कुठे जाईल? याचे उत्तर ठरलेले नसेल, तर नवशिक्याने रिकाम्या सळीवरच थांबावे. पुरुषांच्या स्पर्धेतील सळी २० किलोची, तर महिलांची १५ किलोची असते. सुरुवातीला हे वजन पुरेसे असते.

स्ट्राँगमन, भारोत्तोलन आणि पॉवरलिफ्टिंग हे तीन वेगळे क्रीडाप्रकार आहेत. भारोत्तोलनात ‘स्नॅच’ आणि ‘क्लीन अँड जर्क’ असे दोन प्रकार असतात. पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट हे तीन. स्ट्राँगमनमध्ये मोठे टायर उलटणे, दोन्ही हातांत वजन घेऊन चालणे, ओंडका डोक्यावर नेणे, गोल दगड उचलून ओट्यावर ठेवणे अशी कामे असतात. ‘वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन’ ही स्पर्धा १९७७ मध्ये सुरू झाली. तथापि दगडी नाल आणि मुद्गल पाहिलेल्या मराठी तालमींना ही कल्पना मुळीच नवी नाही.

या भागाला भारोत्तोलनातील यशाचीही ओळख आहे. भिलाईजवळच्या राजनांदगावच्या ज्ञानेश्वरी यादव हिने २०२२ मध्ये ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे जागतिक कनिष्ठ स्पर्धेत ४९ किलो गटात रौप्यपदक मिळवले. त्याच स्पर्धेत पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळच्या हर्षदा गरुड हिने ४५ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरला ५५ किलो गटात १३९ किलो उचलताना कोपराला दुखापत झाली. त्याचे सुवर्ण एका किलोने हुकले. वर्षानुवर्षे तंत्र घोटलेल्या खेळाडूच्याही बाबतीत असे घडते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातील बिकानेर येथे २७० किलोचा स्क्वॉट करताना सळी मानेवर पडून १७ वर्षांच्या एका राष्ट्रीय पदकविजेत्या मुलीचा मृत्यू झाला. स्क्वॉट हा खांद्यामागे वजन पेलण्याचा प्रकार असल्याने त्यात बाजूचे आडवे लोखंडी आधार अत्यावश्यक असतात. पूर्ण बसल्यावर सळी जिथे पोहोचते, त्याच्या किंचित खाली हे आधार लावावेत, आणि रिकामी सळी त्यांवर मुद्दाम टेकवून पाहावी. मोठ्या वजनाला दोन्ही टोकांना एकेक साथीदार असावा. एकट्याने मागे उभे राहून कमरेला हात लावणारा मित्र अशा वेळी फारसा उपयोगी पडत नाही. बेंच प्रेस एकट्याने करू नये. सळीभोवती अंगठा गुंडाळलेलाच असावा.

डेडलिफ्टमध्ये अपघात अचानक दिसत नाही, पण कंबर धरते ती बहुधा इथेच. सळी पायांच्या नडगीलगत ठेवावी, कंबरेऐवजी खुब्यातून वाकावे, पोट घट्ट करून मग उचलावे. वजन शरीरापासून जितके दूर, तितका कण्याच्या खालच्या भागावरील ताण अधिक. वजन हातात असताना वळायचे झाल्यास पाय हलवावेत, कंबर पिळू नये.

स्ट्राँगमनच्या साधनांपैकी वजन घेऊन चालण्याने सुरुवात करणे सर्वांत सोयीचे. वाळूने भरलेल्या दोन बादल्यांवरही ते जमते, वजन हळूहळू वाढवता येते आणि पकड सुटण्याआधी थांबून ते खाली ठेवता येते. टायर उलटताना मात्र कोपरे वाकवून हातांनी ओढण्याचा प्रयत्न दंडाच्या स्नायूचा कंडरा तोडू शकतो. हात सरळ ठेवून पाय आणि छातीने रेटावे. गोल दगड सर्वांत शेवटी. तो उचलताना पाठ वाकतेच, म्हणून काही महिन्यांच्या पायाभूत तयारीशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. चित्रफितीत हाच प्रकार सर्वांत आकर्षक दिसतो, ही अडचणच आहे.

आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि मध्ये किमान एक दिवसाची विश्रांती, एवढे पुरते. प्रत्येक फेरीत आणखी दोन वेळा उचलता आले असते अशा टप्प्यावर थांबावे. सर्व आवर्तने नीट झाली तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवावेत. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणाऱ्या व्यायामाची शिफारस करते.

जोर लावताना श्वास रोखला की रक्तदाब तात्पुरता बराच चढतो. त्यामुळे उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असलेल्यांनी आणि गर्भवतींनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मे महिन्यात छत्तीसगड आणि विदर्भात पत्र्याच्या छपराखालील व्यायामशाळा भट्टीसारख्या तापतात. तेव्हा पहाटेची वेळ बरी. दुसऱ्या दिवशी स्नायू दुखणे स्वाभाविक आहे. पायात मुंग्या, बधिरता किंवा कंबरेतून खाली उतरणारी कळ तशी नाही; तिथे व्यायाम थांबवून तपासणी करावी. अतिश्रमानंतर लघवी गडद तपकिरी झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण स्नायूंचे विघटन मूत्रपिंडाला इजा करू शकते.