मायन्याची गोष्ट

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत पनवेलच्या आमच्या घराच्या माळ्यावरून जुन्या पत्रांचे एक गाठोडे निघाले. इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा तेव्हा ओटीवर संगणक मांडून बसला होता. "मामा, गंमत बघ," म्हणून त्याने एक उद्गारचिन्ह उमटवले, टॅबची कळ दाबली, आणि वेबपानाचा सारा सांगाडा पडद्यावर उभा राहिला!

या सोयीचे नाव एमेट. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आणलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये ती अंगचीच असते. 'यूएल', पुढे मोठेपणाचे चिन्ह, 'एलआय', गुणाकाराची चांदणी आणि ५ एवढे लिहून कळ दाबली की पाच कलमांची यादी आरंभाच्या व शेवटाच्या खुणांसकट तयार.

मला हसू आले. वाचकहो, हा उद्योग आपल्या कारकुनांनी कित्येक शतके केला. मोडी लिपी म्हणजे हात न उचलता भरभर लिहिण्याची सोय. परंपरा तिचे जनकत्व यादवांचा प्रधान हेमाडपंत याला देते. पंडितांना ते सर्वस्वी मान्य नाही. पत्रांचे मायने सांगणारे 'मेस्तक'ही त्याच्याच नावावर सांगतात. कोणास काय लिहावे हे ठरलेले, म्हणून आद्याक्षरांवर काम भागे. 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

भेद एवढाच, की यंत्र संक्षेप जागच्या जागी उलगडते. फाइलीत पूर्ण ओळ राहते. आपला संक्षेप वाचणाऱ्याने उलगडायचा.

गाठोड्यात पणजीला तिच्या अलिबागच्या भावाने लिहिलेली दोन मोडी पत्रे होती. मी वाचली, भाच्याने ऐकली. एक १९३८ चे, दुसरे १९४१ चे. दोन्हींत पाऊस, भाताचे भाव, मुलांची खुशाली.

"दोन्ही सारखीच की!" तो म्हणाला.

"आरंभ पाहा," मी म्हटले. "पहिल्यात 'सौ.', दुसऱ्यात 'गं. भा.' सौभाग्यवती आणि गंगाभागीरथी. मधल्या काळात पणजोबा गेले."

पत्रात त्याविषयी दुसरा शब्द नव्हता. भावाला तो लिहवला नसेल. पोरगा बराच वेळ गप्प बसला.

संध्याकाळी त्याने संपादकात स्वतःचे संक्षेप भरले. नेमलेली खूण उमटवून टॅब दाबताच 'गंगाभागीरथी' हा शब्द पुरा झाला. पण तो कोणासाठी लिहीत, हे मात्र त्याच्याजवळ बसून मलाच सांगावे लागले होते.